गाडी घरीच केली

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या लग्नाच्या मांडवाबाहेर, लिंबाच्या सावलीत, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची बुलेट, येझदी किंवा राजदूत चकाचक होऊन उभी असली की भोवती चार-सहा माणसं जमतातच. कुणी टाकीवरून हात फिरवतो. कुणी खाली वाकून ऑइल गळतंय का ते बघतो आणि गळत असलं तर समाधानानं मान हलवतो. मग ठरलेला प्रश्न येतो, "दादा, कुठं करून घेतली?" मालक नजर मांडवाकडं वळवून अगदी सहज म्हणतो, "कुठं न्यायची? घरीच केली." माझा आक्षेप या वाक्याला आहे. मालक लबाड आहे असं नाही. त्याचा स्वतःचा या वाक्यावर पूर्ण विश्वास असतो. पण जुनी मोटारसायकल घरी होत नाही. घरी ती खोलली जाते आणि खोललेल्यापैकी काही वस्तू हरवल्या जातात. ही दोन कामं सोडली तर उरलेलं सगळं काम तालुका करतो. ज्या कामात अख्खा तालुका हात घालतो, त्यातून गाडी होती तशीच बाहेर येणं शक्यच नसतं. या छंदात दोन पंथ मानतात: एक म्हणतो, गाडी मूळ रूपात जपावी, दुसरा म्हणतो, आपल्या मर्जीनं बदलून घ्यावी. दोघे एकमेकांशी तावातावानं भांडतात. पण निदान नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात तरी या दोन पंथांना काही अर्थ नाही. इथं एकच पंथ आहे. जे मिळालं ते बसवलं.

घराचं जे काही श्रेय आहे ते आधी देऊन टाकू. शनिवारी संध्याकाळी गाडी पडवीत येते आणि खाली युरियाचं रिकामं पोतं अंथरलं जातं. पहिला तासभर प्रयोगशाळेची शिस्त असते. नट काढण्याआधी मोबाइलवर फोटो, काढल्यावर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, डब्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव. तिसऱ्या डब्याला चिकटपट्टी संपते. चौथ्याला "हे तर नुसतं बघून कळतंय" असं ठरतं आणि त्यापुढचे सगळे नट, वायसर, स्प्लिट पिना एकाच घमेल्यात विसावतात. एवढ्यात गाठ पडते इंग्रजी मापाच्या आट्यांशी. जुन्या बुलेटचे बरेचसे नट इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यात ठरलेल्या मापांचे आहेत. 1955च्या सुमारास बुलेटची जुळणी मद्रासला सुरू झाली तेव्हा ती मापंही बोटीतून इकडं आली आणि बरीच वर्षं मुक्कामाला राहिली. आपल्याकडचा मिलिमीटरचा पाना त्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही. तरीही "बसतोय, बसतोय" म्हणत पान्याला नळी लावून जोर दिला की नटाचे सहाही कोपरे गुळगुळीत होतात. मग छन्नी येते, छन्नीनंतर मोठी हातोडी, आणि शेवटी बोल्टचं डोकं हातात व उरलेलं अंग इंजिनात अशी वाटणी होते. घर इथं संपलं. अमेरिकेत रॉबर्ट पर्सिग नावाच्या लेखकाचं मोटारसायकलच्या देखभालीवरून थेट तत्त्वज्ञानावर पोचणारं जाडजूड पुस्तक 1974 साली प्रसिद्ध झालं आणि ते जगभर गाजलं. मला वाटतं, पाना हातात घेतल्यावर भोवती चहा पीत उभी असलेली माणसं त्याच्या वाट्याला आली नसावीत. इथं तुटलेल्या बोल्टकडं बघत विचारात पडायला सवडच मिळत नाही. "तो भवानीनगरचा टर्नर आहे ना, त्याच्याकडं टाक" असं कुणीतरी आधीच सांगून मोकळा झालेला असतो.

हा भवानीनगरचा टर्नर काही आभाळातून पडलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला, कालव्यानं ऊस आणला, उसानं साखर कारखाने आणले. बारामतीत सोमेश्वर आणि माळेगाव, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती आणि पुढं कर्मयोगी. साखर कारखाना बाहेरून गोड दिसतो, पण आत शिरलं की रोलर, पंप, टर्बाइन, गिअरबॉक्स आणि बेअरिंग यांचं ते एक अजस्र गॅरेज असतं. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, उन्हाळ्याच्या तोंडी गाळप संपतं आणि मग सुरू होतो ऑफ सीझन. अख्खा कारखाना खोलायचा, घासायचा, झिजलेलं बदलायचं आणि पुढच्या हंगामाआधी जुळवायचा. हे काम पिढ्यान्पिढ्या करणारे फिटर, टर्नर आणि वेल्डर या पट्ट्यात गावोगाव आहेत, आणि निवृत्त झाला की त्यातला एखादा पत्र्याच्या शेडमध्ये सेकंडहँड लेथ टाकून बसतो. इंदापूर तालुक्यात तर वालचंदनगर आहे. 1930च्या दशकात शेठ वालचंद हिराचंदांनी तिथं ऊस लावला, साखर काढली, गाव वसवलं. पुढं साखरेची यंत्रंच तिथं बनू लागली, अणुभट्ट्यांचे भाग बनू लागले, आणि इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरची कवचंही तिथं तयार होतात. स्वतः वालचंदांनी जहाजं चालवली, 1940 साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, 1944 साली मोटारींसाठी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी केली. मोटारसायकल तेवढी राहून गेली. ती उणीव इंदापूर तालुका आजतागायत फुटकळ प्रमाणात भरून काढतो आहे. शिवाय बारामतीची एमआयडीसी आहे. पियाजिओच्या आपे रिक्षा तिथल्या, आणि 2012पासून व्हेस्पासुद्धा तिथलीच. थोडक्यात, गाडीमालकाच्या पडवीपासून अर्ध्या तासाच्या अंतरात अवकाशात जाणाऱ्या वस्तूवर काम केलेला माणूस सापडू शकतो, आणि तो कार्बोरेटर बघून म्हणतो, "हे काय केलंय?"

आता लेथसमोर उभे राहू, कारण गाडीचं खरं भवितव्य तिथंच ठरतं. जुन्या बुलेटचा ब्लॉक बिडाचा. आत पिस्टन फिरतो ती नळी 70 मिलिमीटर व्यासाची, पिस्टनची खेप 90 मिलिमीटरची. गुणाकार केला की 346 सीसी येतात. पिस्टन वरखाली करताना एका बाजूला जास्त रेटत असतो, त्यामुळं वर्षानुवर्षांत गोल नळी किंचित अंडाकार होते आणि गाडी ऑइल पिऊ लागते. टर्नर आधी बोट घालतो, मग गेज घालतो, आणि दोन्हींचं उत्तर एकच आलं की खुशीत येतो. "वीस थाऊचा बोअर मारून भागेल." एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मालक पिस्टन आणायला पुण्याला जातो, नाना पेठ पालथी घालतो, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात उकिडवा बसून ढिगारे उपसतो, आणि घेऊन येतो चाळीस थाऊचा, कारण वीसचा मिळालाच नाही. आता नियम असा, की ब्लॉक बघून पिस्टन आणावा. इथं आणलेला पिस्टन बघून ब्लॉक कापला जातो. चाळीस थाऊ म्हणजे साधारण एक मिलिमीटर. नळी 71 मिलिमीटरची झाली की इंजिन 356 सीसीचं होतं. आरसी बुकात 346, आत 356. मालकानं अजून बदल करायचा विचारसुद्धा केलेला नाही, तो मूळ रूपाचा कट्टर पुरस्कर्ता आहे, आणि त्याची गाडी दहा सीसीनं वाढलेली आहे. त्यावर टर्नर म्हणतो, "बुश नको आणू, माझ्याकडं गनमेटलचा तुकडा पडलाय." तो तुकडा कुठल्या तरी पंपाचा असतो. तिथून पुढं त्या बुलेटच्या पोटात एका विहिरीचा अंश कायमचा राहायला येतो.

बाकीची मंडळी भराभर उरकू. चेसिसची चीर भरणारा गॅस वेल्डिंगवाला. एरवी ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारा कुशनवाला. त्यामुळं बुलेटलाही पाटलाला शोभेल अशी ऐसपैस बैठक मिळते. टाकीचे खड्डे लांबी भरून घासणारा पेंटर, ज्याला मद्रासी कारागिरांच्या हातची सोनेरी रेघ मारायला सांगितलेली असते; ती रेघ तो मारतो, पण ट्रकच्या फाळक्यांवर हात बसलेला असल्यामुळं तिच्या टोकाला त्याच्याही नकळत एक वेलबुट्टी उमलते, आणि टूलबॉक्सवर 'आईवडिलांची कृपा' हे विनामूल्य. वायरमन सहा व्होल्टचं वायरिंग बघून हसतो आणि न विचारता बारा व्होल्टचं करून ठेवतो, सोबत एलईडी. यातला प्रत्येक जण पैसे कमी घेतो आणि मत भरपूर देतो. मत ऐकून घेणं हा मजुरीचाच भाग असतो. ज्याचं मत ऐकलं नाही तो काम अडवत नाही. फक्त "बघ बाबा, तुझी गाडी" एवढंच म्हणतो, आणि ग्रामीण महाराष्ट्रात याहून मोठी धमकी अजून निघालेली नाही. म्हणून मालक थोडं वेल्डरचं ऐकतो, थोडं वायरमनचं, थोडं पेंटरचं. गाडी बदलायची असं कुणीही, कधीही, कुठंही ठरवलेलं नसतं. तरीही ती बदललेली असते.

यावर पहिला आक्षेप पुण्याहून येतो. तिकडचे जाणकार सांगतात की जुन्या गाडीचा नट न् नट मूळचाच हवा, रंगाची छटासुद्धा त्या सालच्या कॅटलॉगशी जुळली पाहिजे. पंपाचा गनमेटल घातला की ती बुलेट राहिली नाही. या मंडळींबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळंच मडगार्डचा कोणता बोल्ट कोणत्या सालापर्यंत येत होता हे ज्ञान टिकून आहे. पण मूळ म्हणजे कुठवर मागं जायचं, हे त्यांनी एकदा बसून ठरवावं. बुलेट इंग्लंडातून मद्रासला आली. राजदूत ही पोलंडच्या एका गाडीची फरिदाबादला वाढलेली आवृत्ती. जावा चेकोस्लोव्हाकियाची, ती म्हैसूरला आली आणि येझदी झाली. व्हेस्पा इटलीची, ती आधी बजाजकडं राहिली, आणि आता बारामतीत भिगवण रस्त्याच्या अंगाला जन्म घेते. यातली एकही गाडी इकडं आल्यावर होती तशी राहिलेली नाही, आणि हे बदल खुद्द कंपन्यांनीच केले. एनफिल्डनं तर टॉरस नावाची डिझेल बुलेट विकली. साडेसहा हॉर्सपॉवरचं, शेतावरच्या पंपाला शोभेल असं इंजिन बुलेटच्या चेसिसमध्ये, कंपनीच्या शिक्क्यासह! ती वेगानं फारशी पळत नसे, पण डिझेल इतकं कमी पीत असे की मालक तिच्यावर बसून नुसत्या हिशेबानं खूश राहायचा. जे कारखान्यानं केलं ते विकास, आणि तेच शेडमध्ये केलं की विटंबना, हा न्याय मला तरी समजत नाही. राजदूतचं बघा. दुधाच्या कॅना अडकवायला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या जोडलेली राजदूत या भागानं वर्षानुवर्षं पाहिली. आज कुणी ती गाडी 'पुन्हा मूळ रूपात' आणायची म्हणून कड्या कापून काढतो, तेव्हा ती फरिदाबादच्या कारखान्यातून निघाली तशी होते खरी. पण ती तशी होती फारतर आठवडाभर, आणि कड्यांसह होती तीस वर्षं.

काही बदल तर घरातल्या माणसांच्या हातापायांसाठी करावेच लागतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. ज्यानं आयुष्यभर तीच चालवली त्याला यात काही वावगं वाटत नाही. पण धाकटा भाऊ स्प्लेंडरवर शिकलेला असतो. तो थांबायचं म्हणून उजवा पाय दाबतो, गाडी थांबण्याऐवजी गिअर बदलते, आणि अंगणातल्या तुळशी वृंदावनाला आपल्या जागेबद्दल काळजी वाटू लागते. अशा घरात गिअर डावीकडं आणणं हा छंद नाही, वास्तुसंरक्षण आहे. मूळ रूपवाद्यांना मी एवढंच विचारीन, की बुलेट मूळ ठेवायची की वृंदावन?

आता विरुद्ध टोकाची मंडळी, म्हणजे नव्या पोरांचा पंथ. त्यांना कॅफे रेसर हवी असते. 1960च्या सुमारास इंग्लंडात तरुण पोरं आपापल्या गाड्यांचं वजन उतरवून, हँडल खाली आणून, एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यती लावायची. त्या आकाराचं हे नाव. कल्पना वाईट नाही. इथं दोन चहाच्या टपऱ्यांमध्ये अंतरही सोयीचं आहे. म्हणून मागचं मडगार्ड कापलं जातं, सीट एकट्याची होते, हँडल गुडघ्यांपर्यंत उतरतं, आणि जून महिन्यापर्यंत सगळं उत्तम चालतं. पहिल्या पावसात मागच्या चाकानं काळ्या रानातला चिखल थेट मानेपर्यंत पोचवला की मडगार्डचं प्रयोजन काय होतं ते कळतं. तरीही पोरगा दम धरतो. मग एक दिवस आई ओसरीवरून म्हणते, "गाडी घेऊन चाललाच आहेस तर येताना वाढ्याच्या दोन पेंढ्या टाकून आण." कॅफे रेसरवर उसाचं वाढं बांधायला जागा नसते आणि गोठ्यातली म्हैस इंग्लंडच्या इतिहासाला जुमानत नाही. आठवड्याभरात वेल्डरकडून मागं कॅरिअर लागतं. पुढून बघितलं तर लंडन, मागून बघितलं तर गोठा, अशी ती गाडी मला या दोन तालुक्यांतलं सर्वांत प्रामाणिक यंत्र वाटते. तिच्यात कुणाचीही एकट्याची मर्जी चाललेली नाही. मूळ रूपाचा आग्रह धरणारा हरतो तिथं हौसेखातर बदल करणाराही हरतो, आणि दोघांना हरवणारं तेच ते तालुक्याचं कामकाज असतं.

कायद्याचा आक्षेप मात्र असा उडवून लावता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या, निर्मात्यानं दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. 'प्रत्येक बदलामागं' हे शब्द वाचून कॅफे रेसरच्या मालकानं बोटं मोजायला सुरुवात करावी. गाडीच्या किमतीच्या पुढं आकडा जायला वेळ लागणार नाही. यात मी कायद्याच्या बाजूचा आहे. चेसिस कापून जोडणारा माणूस फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही. आणि सायलेन्सरच्या आतली जाळी काढून भर बाजारपेठेत फटाके वाजवणाऱ्यांचे सायलेन्सर पोलीस रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात, ते दृश्य तिकीट लावून दाखवलं तरी लोक बघायला येतील. पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत कायद्याचीही थोडी पंचाईत आहे. 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतं. नव्यानं नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जी गाडी 50 वर्षं कुणी कामाला लावलीच नाही तिचा सत्कार, आणि जिनं रोज दूध घातलं ती अपात्र. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा ठरावीक कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडं नीट समजून घेतला गेला तर अशा गाड्या दिवसातून चार वेळा पेट्रोल भरायला निघतील. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे एप्रिल 2019पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात आता नवी, चकचकीत, लेझर क्रमांकाची पाटी लावणं बंधनकारक आहे. पेंटरनं हातानं लिहिलेला तीन अक्षरी जुना नंबर, ज्यासाठी मालकानं गाडीची निम्मी किंमत मोजलेली असते, तो त्या पाटीवर छापील अक्षरांत येतो. सरकार म्हणतं बदल करू नका, आणि पहिला बदल स्वतःच करून देतं. तालुक्याशी सरकारचं एवढं तरी जमतं म्हणायचं.

खर्चाचा आक्षेप घरातून येतो. "एवढ्यात नवी आली असती." हे विधान चूक की बरोबर ते तपासायला आकडा लागतो, आणि आकडा कधीच सापडत नाही, कारण यातला अर्धा व्यवहार पैशात होतच नाही. टर्नरनं मजुरी घेतली नाही. त्याच्या पोराचा बायोडेटा मालकानं एमआयडीसीतल्या ओळखीच्या साहेबाकडं पोचवला होता. वायरमनला हरभऱ्याचे डहाळे गेले. वेल्डरचा साडू साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा, आहे, त्यामुळं वेल्डरला दुखवणं उसाच्या तोडीच्या दिवसांत परवडणारं नव्हतं, म्हणून त्याच्याकडून गरज नसताना एक स्टँडही करून घेतला. याची बेरीज कुणी करायची? उसाचं बिल चौदा दिवसांत द्यावं असं 1966चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, तरी हप्ते, दुसरा हप्ता आणि दिवाळीचा हप्ता यांवर संसार चालवायची या भागाला सवय आहे. गाडीसुद्धा त्याच हप्त्यांनी वाढते. खरं तर आडसाली उसाचं आणि या गाडीचं वेळापत्रक एकच आहे: पावसाळ्यात लावायचं, 16 ते 18 महिने खत-पाणी घालत बसायचं, मधल्या काळात कुणी विचारलं तर "यंदा चांगलंय" म्हणायचं, आणि शेवटी वजन काट्यावर गेल्यावरच काय हाती लागलं ते कळायचं. नवी गाडी शोरूममधून आणली की पेढे वाटून विषय संपतो. हिला मात्र तालुक्यात चौदा ठिकाणी जाऊन बसावं लागतं, आणि बसण्याचा खर्च हिशेबात धरायचा की करमणुकीत, यावर घरात एकमत होत नाही.

हल्ली सगळे सुटे भाग मोबाइलवरून मागवता येतात, जुळवणीची चित्रफीतही फुकट बघता येते, मग तालुका कशाला हवा, असंही कुणी विचारतं. चित्रफितीतला बोल्ट पहिल्या झटक्यात निघतो. याहून अधिक उत्तर द्यायची गरज नाही.

उरला धुराचा आणि पर्यावरणाचा मुद्दा, आणि तिथं तर तालुका थेट टाकीत उतरला आहे. 2025पर्यंत देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं. त्यातलं बरंच इथेनॉल येतं उसाच्या मळीपासून, रसापासून. म्हणजे याच पट्ट्यातल्या शेतांतून कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत आणि तिथून पंपावर. देशाचं परकीय चलन वाचतं, कारखान्याला चार पैसे मिळतात, त्यातले काही शेतकऱ्याच्या बिलात उतरतात. त्या बिलातून त्यानं हौसेनं जुनी बुलेट उभी केलेली असते, आणि ती बुलेट हे पेट्रोल प्याली की आजारी पडते. जुन्या काळचे रबरी पाइप आणि वायसर इथेनॉलनं फुगतात किंवा भुसभुशीत होतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, आणि अशा गाड्या उभ्याच असतात, की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, टाकी आतून गंजते आणि कार्बोरेटरमध्ये पांढरी बुरशी धरल्यासारखा थर जमतो. जेट बंद पडतं. मालक पद्धतशीर डिकॉम्प्रेशनचा खटका दाबतो, अँपिअर मीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळू उतरवतो, मग सगळा भार टाकून एकच किक मारतो, आणि गाडी त्याच्या उसाला ओळखसुद्धा देत नाही. तिच्यासाठी इथेनॉल सोसणारे पाइप आणावे लागतात, जेट एक नंबर मोठं करून बघावं लागतं, आणि उभी करायची असेल तर टाकी रिकामी ठेवावी लागते. म्हणजे आणखी दोन-तीन बदल, तेही आपल्याच शेतातल्या पिकानं करायला लावलेले. पाइपाचं काम आपे रिक्षा दुरुस्त करणाऱ्यानं अंगावर घेतलं आहे, जेटचं टर्नर बघतो म्हणाला. टाकीतून काढलेलं पाच लिटर पेट्रोल कुणाच्या स्प्लेंडरमध्ये ओतायचं, यावर मात्र पडवीत अजून चर्चा चालू आहे, आणि धाकट्या भावानं आपली स्प्लेंडर सकाळपासून शेजारच्या गल्लीत नेऊन लावली आहे.